भट्टीतलं गवत

पीएचडी करत होते त्या दिवसांत "तू नक्की करतेस तरी काय?" असं कोणी विचारलं की मी सांगायचे, "दगड भाजते." डोंबिवलीजवळ कोपरला आमच्या शेजारच्या काकू हे ऐकून आईकडे अशा काही बघायच्या की मला हसू आवरायचं नाही. पण उत्तर शंभर टक्के खरं होतं. सकाळी कल्याणच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं आणि दुपारपासून ठाण्यातल्या दुसऱ्या कॉलेजात दगड भाजायचे, हाच माझा चार-पाच वर्षांचा दिनक्रम होता. पदवी हातात पडली तरच कल्याणची नोकरी कायम होणार होती.

दगड म्हणजे साधा दगड नव्हे. पितळेसारखा चमकणारा, ज्यात तांबं, लोखंड आणि गंधक एकमेकांना धरून बसलेले असतात असा खनिज दगड. आयुर्वेदवाले त्याला सुवर्णमाक्षिक म्हणतात. तो कुटायचा, त्याचे कण होडीच्या आकाराच्या एका छोट्या चिनीमातीच्या भांड्यात ठेवायचे, ते भांडं काचेसारख्या नळीतून भट्टीत सरकवायचं आणि साडेपाचशे-सहाशे अंशांवर तासन्‌तास हवा सोडत राहायचं. गंधक जळून वायू होऊन निघून जातो. मागे राहिलेल्या तांब्याला हवेतला ऑक्सिजन मिळतो, आणि सगळं जमून आलं तर दगडाच्या अंगातून तांब्याच्या ऑक्साइडच्या तारा बाहेर येतात, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतक्या बारीक. अशा तारांपासून विषारी वायू ओळखणारे सेन्सर बनवता येतात. रासायनिक कारखान्यांच्या डोंबिवलीत वाढलेल्या मुलीला विषारी वायू ओळखायला सेन्सर कशाला हवा, असा विनोद मी स्वतःच करायचे आणि स्वतःच हसायचे.

पहिली दीड वर्षं काहीच उगवलं नाही. मग एके दिवशी भांडं बाहेर काढलं तर कणांवर काळी लव होती. शेवाळ धरावं तशी. दुसऱ्या संस्थेतल्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली तिचे फोटो काढून आणले आणि सरांच्या टेबलावर ठेवले. सर म्हणजे माझे मार्गदर्शक, आणि तेच विभागप्रमुखही. त्यांनी चष्मा वर केला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "हे गवत आहे गं. दगडावर गवत उगवलंय." त्या दिवसापासून आम्ही त्याला गवतच म्हणायला लागलो.

त्या प्रयोगशाळेत आम्ही तिघंच असायचो: सर, मी आणि मामा. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई. कॉलेजात सगळ्याच शिपायांना मामा म्हणायची पद्धत होती, पण आमच्यासाठी मामा म्हणजे हेच. पंचावन्नच्या पुढचे, काटकुळे, सावळे, मूळचे ठाण्याजवळच्या बाळकुमचे. त्यांचे वडील आणि आजोबा मिठागरात राबले होते आणि स्वतः मामाही लहानपणी तिथे अनवाणी वावरले होते. पुढे मिठागर गेलं, शेतं गेली, भावकीतल्या लोकांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. मामांच्या वडिलांनी आपला हिस्सा फार आधी, कोणी विचारत नव्हतं तेव्हाच विकून टाकला होता. त्यामुळे चुलतभाऊ बंगल्यात आणि मामा जुन्या खोलीत.

मामांची नोकरी कंत्राटी होती. दर जूनमध्ये सरांनी चांगला शेरा लिहिला की त्यांना नवं पत्र मिळायचं. मे महिना आला की ते गप्प गप्प व्हायचे. मी एकदा विचारलं, "एवढं काय टेन्शन घेता? तुमचा चुलतभाऊ तिथल्या कॉम्प्लेक्समध्ये वॉचमन म्हणून लावून देतो म्हणतोय ना?" ते हातातलं फडकं पिळत म्हणाले, "त्योच तर. जमीन आमची व्हती ती बाय. तिथं भावकीचे गेटवर दांडा घेऊन उभा रवाचा, येनारे-जानारेला सलाम ठोकाचा. मेलो तरी नाय." मग जरा वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "इथं कसा, इज्जतीचा काम हाय." ती इज्जत म्हणजे काय होती? पांढरा ॲप्रन, भट्टीच्या खोलीची चावी, आणि चिनीमातीची ती छोटी भांडी धुण्याचं काम. आम्ही त्यांना बोट म्हणायचो, मामा होऱ्या म्हणायचे. त्यांच्या बोलीत होडीची होरी होते. धुतलेल्या होऱ्या ते खिडकीच्या कठड्यावर ओळीने वाळत ठेवायचे आणि त्यांना कोणी हात लावलेला खपवून घ्यायचे नाहीत.

आता माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. माझं डोकं पटकन फिरतं. फिरलं की समोरचा कोण आहे ते मी बघत नाही, असं मी लोकांना सांगते. हेही पूर्ण खरं नाही. सरांवर माझं डोकं कधी फिरलं नाही.

आमचा पहिला शोधनिबंध छापायला पाठवला होता, तो प्रश्न घेऊन परत आला. नमुन्यात कुठली मूलद्रव्यं आहेत हे दाखवणारा एक आलेख आम्ही जोडला होता. त्यात तांबं, लोखंड, ऑक्सिजन होतंच, पण सोडियम आणि क्लोरिनचेही दोन बारीक सुळके होते. तपासणाऱ्याने सरळ विचारलं होतं, हे कुठून आलं? नमुने स्वच्छ नाहीत का? सरांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "घाण कुठून येतेय बघ. याचं उत्तर नाही दिलं तर हे काम गेलं."

सोडियम आणि क्लोरिन म्हणजे मीठ, हे कळायला पीएचडी लागत नाही. आणि मीठ कुठून येणार? घामाच्या हातांवरून. जेवणाच्या हातांवरून. मामा दुपारी प्रयोगशाळेच्या मागच्या पायरीवर बसून डबा खायचे आणि त्यात आठवड्यातून तीन-चार दिवस सुकट असायची. आमच्या घरात मासे शिजत नाहीत. मला तो वास सोसायचा नाही आणि तोपर्यंत मी तसं कधी बोलून दाखवलं नव्हतं. आता बोलायला मला विज्ञानाचा आधार मिळाला होता.

मी तडक मागच्या पायरीवर गेले. मामा जेवतच होते. "मामा, सुकट खाऊन तसल्याच हातांनी बोटी हाताळता ना तुम्ही?"

त्यांनी घास खाली ठेवला आणि आपल्या हाताकडे पाहिलं. "नाय बाय. हात धुतो ना."

"साबणाने? आणि बोटी ॲसिडने धुवायच्या, डिस्टिल्ड पाण्याने खळबळायच्या, असं दोन वर्षांपूर्वी सांगितलेलं. धुता का तसं? की नुसत्या विसळता?"

"चांगल्या धुतो मी."

"चांगल्या धुता तर ही घाण येते कुठून? माझं अख्खं काम नासलंय तुमच्यामुळे!"

व्हरांड्यात एम.एस्सी.ची पाच-सहा मुलं उभी होती. त्यांनी सगळं ऐकलं. मामा उठले, डबा बंद केला, हात धुतले आणि आत येऊन मला म्हणाले, "दाव कसा धुवाचा." मी त्यांना हातमोजे दिले, ॲसिडची बाटली दिली आणि एकदा करून दाखवलं. त्या दिवसापासून त्यांनी अगदी तसंच केलं. डबा खायला ते त्या पायरीवर पुन्हा बसले नाहीत. कुठे बसायचे, मला ठाऊक नाही, मी विचारलं नाही.

पुढच्याच प्रयोगात गवत उगवलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तोच दगड, तीच भट्टी, तेवढाच वेळ, आणि बाहेर येतंय काय, तर विटकरी रंगाची कोरडी खपली. दोन महिने मी खपल्या काढत होते. हवेचा झोत बदलला, तापमान बदललं, दगड आणखी बारीक कुटला. काही नाही. सर दिवसाआड विचारायचे, "आलं?" मी मान हलवायचे. घरी मी आईवर खेकसायचे, ती बिचारी ताट वाढायची.

आणि मग माझ्या डोक्यात आलं की हे मामा मुद्दाम करताहेत. चारचौघांत मी बोलले त्याचा राग काढताहेत. चाव्या त्यांच्याकडे, माझ्या आधी तेच येतात, दगडाच्या डब्यात काहीही मिसळायला किती वेळ लागतो? याला माझ्याकडे कसलाही पुरावा नव्हता. ज्या मुलीला एका सुळक्याचं उत्तर द्यायला चार वेळा नमुना तपासावासा वाटतो, तिला एका माणसाबद्दल एकदाही तपासावंसं वाटलं नाही. मी सरांना लेखी तक्रार दिली. निष्काळजीपणा, सूचनांचं पालन न करणं, नमुन्यांत भेसळ झाल्याची शक्यता. इंग्रजीत, मुद्देसूद, खाली सही.

तेव्हा मे महिना चालू होता. जूनमध्ये मामांना पत्र मिळालं नाही.

चावी द्यायला ते आले तेव्हा मी भट्टीसमोर बसले होते. ॲप्रन धुऊन, इस्त्री करून आणला होता. तो टेबलावर ठेवला, त्यावर चावी ठेवली आणि म्हणाले, "बाय, मी मुद्दाम नाय केला काय." मी "बरं" म्हणाले. खरं सांगायचं तर त्यांनी लवकर जावं असंच वाटत होतं. तेही थांबले नाहीत.

त्यानंतर बोटी मीच धुवायला लागले. ॲसिड, डिस्टिल्ड पाणी, ओव्हनमध्ये सुकवणं, सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. खपलीच येत राहिली. आता दोष द्यायला कोणी उरलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये एकदा बेसिनखालचा पाइप गळायला लागला म्हणून खालचं कपाट रिकामं केलं. कपाटात मागे एक काचेची बरणी होती. ती मी कित्येकदा मामांच्या हातात पाहिली होती. आत खडेमीठ होतं, जाड, करडं, दुकानात मिळतं तसं पांढरंशुभ्र नव्हे. मला कायम वाटायचं, कैऱ्या-आवळ्यांबरोबर खायला ठेवत असतील. पण बरणीशेजारी भांडी घासायला करतात तशी काथ्याची एक चोथी होती, बोटीच्या आत जाईल एवढी लहान, गुंडाळून दोऱ्याने बांधलेली. तिच्यावर काळे डाग होते. माझ्या गवताचा रंग मी कुठेही ओळखला असता.

मी तिथेच फरशीवर बसले. मग उठले, एक बोट घेतली, चिमूटभर मीठ टाकलं, चोथीने घासली, ओल्या फडक्याने पुसली आणि कठड्यावर वाळत ठेवली. वाळल्यावर दगडाचे कण भरून भट्टीत सरकवली.

गवत आलं. इतकं दाट की आधी कधी आलं नव्हतं.

मी नाचले. हे लिहायची लाज वाटते, पण तसंच झालं. आधी मी नाचले, सरांना फोन केला, आईला फोन केला. मामांची आठवण मला त्यानंतर आली.

असं का झालं, ते नंतर नीट उलगडलं. त्या भांड्यांची चिनीमाती सच्छिद्र असते, ती खारं पाणी पिते. दगडातून गंधकाचा वायू सुटला की त्या मिठाशी आणि तांब्याशी त्याची देवघेव होते, तांब्याचं क्लोराइड तयार होतं, ते बाष्प होऊन वर उठतं आणि त्यातून तारा वाढतात. मीठ नसेल तर तांबं जागचं हलत नाही. आयुर्वेदातही सुवर्णमाक्षिक सैंधव आणि लिंबाचा रस घालूनच भाजतात, हे मला नंतर कोणीतरी सांगितलं. ज्याला मी घाण म्हणाले होते तोच सगळ्या कामाचा जीव होता. ॲसिडने हातांची कातडी सोलवटते म्हणून एका माणसाने आपल्या घरी भांडी घासतात तशी ती भांडी घासली होती, आणि त्यावर माझी पीएचडी उभी होती.

सर शांतपणे म्हणाले, "छान. आता हेच मोजून मापून कर. किती मीठ, किती तापमान, सगळं. हा तुझा मुख्य मुद्दा होईल."

"आणि मामा?"

"त्यांनी काही मुद्दाम केलेलं नाही ना? योगायोग आहे तो. आता मागचं उकरत बसू नकोस. तक्रार तुझी, शेरा माझा. कोणी विचारलं तर आधीच्या सगळ्या नमुन्यांवर प्रश्न येतील."

मला ते पटलं. पटवून घ्यायची घाई होती म्हणून पटलं. निबंधात आम्ही लिहिलं की भांड्यांवर मिठाची पूर्वप्रक्रिया केली. ती कोणाला सुचली हे लिहायची जागा अशा निबंधात नसतेच. प्रबंधाच्या आभाराच्या पानावर मी 'प्रयोगशाळेतील सर्व कर्मचारी' असं लिहिलं.

प्रबंध सादर केल्यावर मी बाळकुमला गेले. मामा कुठे भेटतील हे कॉलेजातल्या दुसऱ्या शिपायाने सांगितलं होतं. त्यांच्या भावकीच्या जमिनीवर उभं राहिलेलं मोठं कॉम्प्लेक्स, दोन बाजूंना दोन गेट. मामा निळ्या गणवेशात खुर्चीवर बसले होते. मला बघून उभे राहिले, सवयीने वही पुढे केली, मग ओळखलं आणि वही मागे घेतली. "बाय, तू? इथं कनाला आयलीस?"

मी सगळं सांगितलं. बरणी, चोथी, मीठ, गवत. ते मध्येच एका गाडीसाठी गेट उघडायला गेले, परत आले आणि म्हणाले, "आमचे घरान सगली भांडी मिठानच घासताव. पयले आशिडानीच धुवाचो, पन हात फाटाचे माजे. तुमी ओरडाल म्हनून सांगला नाय."

"तुमचंच बरोबर होतं मामा. तुमच्यामुळेच झालं सगळं. माझं चुकलं."

त्यांनी हातातली वही खुर्चीवर ठेवली. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे होऱ्या मी बरोबर धूत व्हतो?"

"हो."

"मंग तसा लिवून दे."

मला वाटलं त्यांना नोकरी परत हवी आहे. मी म्हणाले, "मामा, कॉलेजात आता दुसरा माणूस घेतलाय..."

"नोकरीचा नाय बोलत मी. तू लिवून दिला व्हता ना मी घान करतो म्हनून? तसाच लिवून दे, घान नव्हती ती." त्यांचा आवाज चढला नव्हता. "पोरांचेसमोर बोललीस. घरान सगल्यांना ठाव हाय मना कनाला काढला ते."

"देते मामा," मी म्हणाले. "नक्की देते."

तोंडी परीक्षा अजून व्हायची होती. ती झाली की देऊ, असं मी ठरवलं. महिनाभराने मामा स्वतःच कल्याणला माझ्या कॉलेजात आले. गेटवरून फोन आला. मी स्टाफरूममध्ये होते, तास नव्हता. मी शिपायाला सांगितलं, "मॅडम लेक्चरला आहेत म्हणून सांग." वीस-पंचवीस मिनिटांनी शिपाई एक लिफाफा घेऊन आला. "ते गेले मॅडम. हा ठेवून गेलेत."

आत एक अर्ज होता, ठाण्याच्या प्राचार्यांच्या नावे. मामांना लिहिता येत नव्हतं, कोणाकडून तरी लिहून घेतला होता. सुवाच्य अक्षर, समास सोडलेला. सदर कर्मचारी बोटी मिठाने धूत असे, त्यामुळे प्रयोगास अपाय न होता उपयोग झाला, त्याच्याविरुद्धची तक्रार गैरसमजुतीने झाली होती. नोकरीचा, भरपाईचा एक शब्द नाही. खाली माझं नाव आणि सहीसाठी मोकळी जागा. मला लिहायचा त्रास पडू नये म्हणून त्यांनी सगळी तयारी करून आणली होती.

मी तो दोनदा वाचला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. टेबलावर टी.वाय.च्या मुलांची जर्नल्स होती, सबमिशनचा शेवटचा दिवस होता. त्या दुपारी मी साठ मुलांच्या जर्नल्सवर, प्रत्येक प्रयोगाखाली, सह्या केल्या. त्या एका कागदावर केली नाही.

तोंडी परीक्षा झाली, पदवी मिळाली, नोकरी कायम झाली. मग वाटलं, आता नवीन नोकरीत नसतं झेंगट कशाला. पुढे सर निवृत्त झाले, ते प्राचार्यही बदलून गेले. मामा पुन्हा आले नाहीत, त्यांनी फोन केला नाही, की माणूस पाठवला नाही. अर्ज अजून माझ्याकडे आहे. आता त्यावर सही करून तरी तो द्यायचा कोणाला, ज्याच्या नावे आहे तो माणूसच तिथे नाही, असं मी स्वतःला सांगते. हे खोटं आहे. तो द्यायचा होता मामांना, आणि मामा अजूनही बाळकुमच्या त्या गेटवर बसतात.